अंगठ्याच्या मुळाशी आलेली दुखरी गाठ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पायाच्या अंगठ्याजवळ गाठ आली आहे आणि ती दुखते, या आशयाची पत्रे या सदराकडे वरचेवर येतात. त्यांतील सहा पत्रे ओळख गुप्त राखून आणि थोडी आटोपशीर करून येथे घेतली आहेत. तक्रारीचे शब्द सगळीकडे जवळजवळ सारखेच असले, तरी आजार एकच नाही. गाठ अंगठ्याच्या नेमक्या कोणत्या बाजूला आहे आणि ती काही वर्षांत वाढली की एका रात्रीत आली, या दोन गोष्टींवर पुढचे बहुतेक सारे ठरते, म्हणून ज्यांनी हे तपशील लिहून पाठवले त्यांची पत्रे प्राधान्याने निवडली आहेत.

प्रश्न : माझे वय ५३ आहे. मी शिक्षिका असून दिवसातील बराच वेळ उभ्याने काम करते. गेल्या सात-आठ वर्षांत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या कडेला, हाडासारखी टणक गाठ आली आहे आणि अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे झुकला आहे. बंद बूट घातले की संध्याकाळपर्यंत गाठ लाल होऊन ठणकते. अनवाणी असताना फारसा त्रास होत नाही. रक्तातील युरिक अॅसिड ६.४ आले, म्हणून एका परिचितांनी हा गाउट असल्याचे सांगितले. दुसऱ्या एकांचे म्हणणे असे, की हाड वाढले आहे आणि ते तासून घ्यावे. रात्री पट्टा बांधून अंगठा सरळ होतो, अशी जाहिरातही पाहिली. यांतील कोणाचे ऐकावे?

उत्तर : तिघांपैकी कोणाचेच पूर्णपणे ऐकू नये. गाठ आतल्या कडेला आहे, ती वर्षानुवर्षे वाढत गेली आहे, अंगठा कलला आहे आणि बूट काढले की दुखणे ओसरते, हे तुमचे वर्णन बनिअन नावाच्या व्यंगाशी तंतोतंत जुळते. वैद्यकीय परिभाषेत त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. डॉक्टरांनी पाय प्रत्यक्ष पाहणे आवश्यक आहेच, पण या प्रकारात निदान बहुधा नुसत्या पाहण्यानेच होते.

हाड वाढल्याचा समज सार्वत्रिक आहे आणि तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. अंगठ्याच्या मागे, चवड्यात, पहिले मेटाटार्सल नावाचे लांब हाड असते. बनिअनमध्ये हे हाड आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकते, तर अंगठा त्याच्या उलट, इतर बोटांकडे, कलतो. या दोहोंमध्ये जो कोन तयार होतो, त्याचे टोक म्हणजे बाहेरून दिसणारी गाठ. तेथे त्वचेखाली द्रवाची एक पातळ पिशवी असते, ती बुटाच्या घर्षणाने सुजते, आणि तुमच्या संध्याकाळच्या लालीचे व ठणक्याचे कारण बहुतांशी तीच आहे. अंगठा एकदा कलला, की त्याला हलवणाऱ्या स्नायुबंधांची ओढही तिरपी पडते आणि धनुष्याच्या दोरीप्रमाणे ती वाक अधिकच ताणून धरते, त्यामुळे व्यंग सहसा आपोआप मागे फिरत नाही. मात्र ते सगळ्यांमध्ये सारख्या वेगाने वाढते असेही नाही आणि कित्येकांमध्ये ते वर्षानुवर्षे आहे तेवढेच राहते. हे लक्षात घेतले म्हणजे नुसते हाड तासून का भागत नाही, तेही कळेल. टोक काढले तरी दोन्ही हाडे तिरपीच राहतात आणि गाठ पुन्हा डोके वर काढते.

युरिक अॅसिडच्या आकड्याविषयी. ६.४ हा आकडा तुमच्या वयाच्या स्त्रीसाठी थोडा वरच्या बाजूचा असला, तरी केवळ आकड्यावरून गाउटचे निदान होत नाही. युरिक अॅसिड वाढलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीही गाउटचा झटका येत नाही. गाउट हा युरिक अॅसिडमुळे सांध्यात अचानक येणारा, काही तासांत कळस गाठणारा आणि काही दिवसांनी पूर्णपणे निवळणारा आजार आहे, आणि तुमच्या पत्रात तशा झटक्याचा उल्लेखही नाही. तेव्हा त्या आकड्यासाठी गोळ्या सुरू करू नयेत.

हे व्यंग होते कशाने, याचे प्रामाणिक उत्तर असे, की बीज बहुधा घराण्यातून येते आणि पादत्राणे त्याला खतपाणी घालतात. आई, मावशी किंवा आजी यांच्या पायांकडे पाहिल्यास अनेकांना उत्तर तेथेच सापडते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहे. सैल सांधे, सपाट तळवा आणि संधिवाताचे काही प्रकार यांचाही वाटा असतो. पादत्राणांचा भाग किती मोठा आहे, हे १९५८ साली हाँगकाँगमध्ये झालेल्या एका अभ्यासावरून दिसते. बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांत हे व्यंग आढळले, तर अनवाणी राहणाऱ्यांत अवघ्या १.९ टक्के. इंग्लंडमधील केंब्रिज येथे उत्खननात मिळालेल्या मध्ययुगीन सांगाड्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अकराव्या ते तेराव्या शतकातील सांगाड्यांपैकी ६ टक्क्यांच्या, तर चौदाव्या-पंधराव्या शतकातील सांगाड्यांपैकी २७ टक्क्यांच्या पायांत बनिअनच्या खुणा होत्या. मधल्या काळात तेथे लांब, टोकदार बुटांची टूम आली होती. त्या काळच्या श्रीमंतांनी आणि धर्मगुरूंनीही ती हौसेने पाळली होती, तेव्हा या बाबतीत केवळ आजच्या बायकांच्या फॅशनला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता उपाय. पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय बुटांचा आहे, आणि नेमका तोच लोकांना सर्वांत क्षुल्लक वाटतो. जुने बूट सैल करून घेण्यापेक्षा नवे घ्यावेत. कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढावी, तो आकार कापावा आणि बुटाच्या तळावर ठेवून पाहावा. कागद कडेने दुमडत असेल, तर तो बूट तुमचा नाही. दिवसभरात पाऊल थोडे सुजते, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी, दोन्ही पावले मोजावीत आणि मोठ्या पावलाच्या मापाने बूट घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, चवड्याकडचा भाग रुंद आणि मऊ हवा, गाठीवरून शिवण जाणारी नसावी आणि टाच शक्यतो बेताची असावी. उंच टाचेमुळे शरीराचा भार पुढे सरकून चवडा टोकाकडे कोंबला जातो. पट्ट्याचे किंवा नाडीचे बूट पाऊल मागे धरून ठेवतात, तर नुसता पाय सरकवायचे बूट पडू नयेत म्हणून मुळात घट्टच घ्यावे लागतात.

गाठीवर सिलिकॉनची किंवा फेल्टची गादी लावल्यास घर्षण कमी होते, परंतु गादीसाठी बुटात जागा हवी. घट्ट बुटात गादी घातली, तर दुखणे वाढते. सूज आली असेल त्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे धरावा. वेदनाशामक मलम किंवा गोळी अधूनमधून घेण्यास हरकत नाही, मात्र मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तळवा सपाट असल्यास बुटात घालायच्या आधारतळाचा काहींना फायदा होतो. पायाच्या बोटांनी कापड गोळा करणे, अंगठा हाताने सरळ रेषेत आणून हलका ताण देणे, यांसारख्या व्यायामांनी सांधा लवचिक राहतो.

रात्रीच्या पट्ट्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पट्टा बांधलेला असतो तेवढा वेळ अंगठा सरळ दिसतो, काहींना त्यामुळे आरामही वाटतो आणि तेवढ्यासाठी तो वापरण्यात गैर काही नाही; पण प्रौढ माणसाच्या पायातील हाडे पट्ट्याने कायमची सरळ होत नाहीत, आणि तसे वचन देणारी जाहिरात ग्राहकाची दिशाभूल करते. बोटांच्या मध्ये ठेवायच्या स्पेसरचेही तेच आहे.

या सगळ्यानंतरही दोन-तीन महिन्यांत रोजचे चालणे सुसह्य झाले नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ते उभ्याने एक्स-रे काढतील. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये पावलावर भार नसतो, त्यामुळे व्यंग आहे त्यापेक्षा कमी दिसते. अंगठ्याचा कल १५ अंशांपर्यंत असला तर तो सामान्य मानतात. ४० अंशांच्या पुढे गेला तर व्यंग तीव्र समजतात. मात्र उपचाराचा निर्णय अंशांवर होत नाही, दुखण्यावर होतो.

प्रश्न : वय ४६, पुरुष. मागील महिन्यात रात्री दोनच्या सुमारास डाव्या अंगठ्याच्या वेदनेने जाग आली. सांधा लालभडक, गरम आणि टम्म सुजलेला होता. अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होईना. दुसऱ्या दिवशी युरिक अॅसिड ५.९ आले, त्यामुळे गाउट नसल्याचे सांगण्यात आले. औषधाने आठवड्यात बरे वाटले. मग हे होते तरी काय? डाळी आणि पालेभाज्या बंद कराव्यात का? मला रक्तदाबासाठी एक गोळी चालू आहे.

उत्तर : वर्णन गाउटचेच आहे, आणि ५.९ या आकड्याने ते खोटे ठरत नाही. झटका चालू असताना रक्तातील युरिक अॅसिडची पातळी अनेकदा उतरलेली असते, म्हणून त्या दिवशीचा सामान्य अहवाल दिलासा मानू नये. झटका ओसरल्यावर दोन आठवड्यांनी किंवा त्यानंतर ही तपासणी पुन्हा करावी.

रक्तात युरिक अॅसिड सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले, की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात. शरीराच्या टोकाकडचे सांधे तुलनेने थंड असतात आणि थंडाव्यात हे स्फटिक लवकर बनतात, हे अंगठ्यालाच प्रथम पकडण्याचे एक कारण मानले जाते. पहिला झटका साधारण निम्म्या रुग्णांत अंगठ्याच्या मुळाशीच येतो. स्फटिक तेथे महिनोन्महिने निमूट राहतात आणि एखाद्या रात्री शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते, त्या धुमश्चक्रीलाच आपण झटका म्हणतो. हॉलंडच्या लेव्हेनहूक यांनी १६७९ साली आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली गाउटच्या गाठीतील हे स्फटिक पाहून त्यांचे वर्णन केले होते, परंतु ते कशाचे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. सांध्यातील द्रव ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान पक्के करण्याची पद्धत मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी १९६१ मध्ये मांडली. शंका असेल तेथे आजही तीच तपासणी निर्णायक ठरते.

शंका घेण्याचे कारणही सांगतो. असाच लाल, गरम सांधा जंतुसंसर्गानेही होतो, आणि संसर्ग झालेला सांधा थोड्या दिवसांत कायमचा निकामी होऊ शकतो. ताप, थंडी वाजणे, जवळपास जखम किंवा पू, मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, यांपैकी काहीही सोबत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गाउट आधीपासून असणाऱ्यालाही संसर्ग होऊ शकतो, हे विसरू नये.

पुढचा झटका आला तर पाय उंचावर ठेवावा, सांध्यावर बर्फ धरावा, चोळू नये आणि औषध शक्य तितक्या लवकर सुरू करावे. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, कोल्चिसिन किंवा थोड्या दिवसांचे स्टेरॉइड, यांपैकी तुम्हाला काय चालेल हे मूत्रपिंड, पोट आणि इतर औषधे पाहून डॉक्टर ठरवतील. कोल्चिसिन ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेतल्यास विषारी ठरते, म्हणून वेदना लवकर जावी या घाईने गोळ्या वाढवू नयेत. अॅस्पिरिन वेदनेसाठी घेऊ नये. हृदयासाठी लहान मात्रेत चालू असेल, तर स्वतःहून बंदही करू नये.

युरिक अॅसिड कमी करणारे अॅलोप्युरिनॉलसारखे औषध पहिल्याच झटक्यानंतर सर्वांना लागत नाही. वर्षाला दोन किंवा अधिक झटके येणे, त्वचेखाली स्फटिकांच्या गाठी बनणे किंवा एक्स-रेत सांध्याची झीज दिसणे, यांपैकी काही असेल तर ते दीर्घकाळ घ्यावे लागते. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असेल, किंवा युरिक अॅसिड ९ च्या वर असेल, तर विचार लवकर होतो. मात्रा लहान ठेवून सुरुवात करतात आणि आकडा ६ च्या खाली येईपर्यंत ती हळूहळू वाढवतात. पहिल्या काही महिन्यांत साचलेले स्फटिक विरघळू लागल्याने झटके उलट वाढू शकतात, आणि नेमके तेव्हाच पुष्कळ रुग्ण औषध बाधले असे समजून ते सोडून देतात. म्हणून त्या काळात झटके रोखणारे औषध जोडीला दिले जाते. औषधाने अंगावर पुरळ आले, तर मात्र ते ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

डाळी आणि पालेभाज्या बंद करण्याची गरज नाही. त्यांत प्यूरीन, म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक अॅसिड बनते ते द्रव्य असले, तरी मोठ्या पाहण्यांमध्ये वनस्पतिजन्य प्यूरीनमुळे गाउट वाढल्याचे आढळलेले नाही. आवर घालायचा तो बिअर व इतर मद्य, प्राण्यांचे यकृत-मूत्रपिंडासारखे अवयव, लाल मांस, काही समुद्री मासे आणि साखरेची पेये यांना. वजन जास्त असेल तर सावकाश कमी करावे. कडक उपासाने युरिक अॅसिड वाढते. तरीही केवळ पथ्याने हा आकडा फार खाली येत नाही, त्यामुळे झटका आला म्हणजे रुग्णाने जिभेचे लाड केले असणार, हा घरोघरी दिला जाणारा ठपका अन्यायाचा आहे.

तुमची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणाऱ्या वर्गातील असेल, तर ती युरिक अॅसिड वाढवते. पर्यायी औषध मिळू शकते, पण बदल डॉक्टरांनीच करावा.

प्रश्न : माझ्या अंगठ्याच्या सांध्यावर, वरच्या बाजूला, टणक उंचवटा आहे. अंगठा सरळच आहे, परंतु वर वळत नाही आणि चढ चढताना किंवा उकिडवे बसताना सांध्यात कळ येते. वय ५८. बनिअनसाठी रुंद बूट घेतले, पण फरक नाही.

उत्तर : रुंद बुटांनी फरक पडला नाही, कारण हे बनिअन नसावे. सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजून वरच्या कडेला हाडाचे टोक आले, म्हणजे अंगठा वर वळताना अडतो. याला हॅलक्स रिजिडस म्हणतात. येथे मात्र हाड वाढल्याचे म्हणणे खरे असते. प्रत्येक पावलाला टाच उचलताना अंगठा वर वळावा लागतो, म्हणून उपाय बनिअनच्या अगदी उलट दिशेने जातो : चवड्यात न वाकणारा कडक तळ आणि पुढच्या बाजूला किंचित वर गोलावलेला बूट घ्यावा, म्हणजे पाऊल पुढे घरंगळते आणि सांध्याला वळावे लागत नाही. बुटाचा वरचा भाग उंच व मऊ असावा. अंगठा जबरदस्तीने वर वाकवण्याचे व्यायाम करू नयेत. दुखणे असह्य झाले, तर सुरुवातीच्या अवस्थेत वरचे टोक काढण्याची शस्त्रक्रिया करतात. सांधा पार झिजला असेल, तर तो योग्य कोनात कायमचा जोडून टाकतात. सांधा जोडण्याची कल्पना ऐकून रुग्ण दचकतात, पण वेदना थांबल्याने बहुतेकांचे चालणे त्यानंतर सुधारते. उंच टाचा मात्र सोडाव्या लागतात.

प्रश्न : वडिलांना (वय ६९) बरीच वर्षे मधुमेह आहे. त्यांच्या अंगठ्याजवळ जुनी गाठ आहे, आता तिच्यावरची कातडी लाल होऊन फोड आला आहे. दुखत नाही म्हणून ते दाखवायला तयार नाहीत. वर त्यांनी भोवरी काढण्याची पट्टी लावली आहे.

उत्तर : ती पट्टी आज, हे वाचताच, काढावी. भोवरीच्या पट्टीतील सॅलिसिलिक अॅसिड निरोगी आणि जाड कातडीत फरक करत नाही, आणि मधुमेही पायावर त्याने खोल जखम होऊ शकते. न दुखणे हे येथे चांगले लक्षण नाही. लाल कातडी आणि फोड असूनही वेदना जाणवत नसेल, तर पायाच्या मज्जातंतूंची संवेदना गेलेली असण्याचा दाट संभव आहे, आणि अशा पायाला बूट चावत असल्याचे कळतच नाही.

एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे. पू, काळवंडलेली कातडी, वर पसरणारी लाली, दुर्गंधी किंवा ताप असेल तर त्याच दिवशी. डॉक्टर १० ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने संवेदना तपासतील आणि पायातील नाड्या पाहतील. तोपर्यंत फोड फोडू नये, कोरड्या निर्जंतुक पट्टीने झाकावा, तो बूट पुन्हा घालू नये आणि चालणे कमीत कमी ठेवावे. गरम पाण्यात पाय बुडवणे, शेकणे, ब्लेडने कातडी काढणे, हे सर्व वर्ज्य. फोड बरा झाल्यावरही रोज रात्री तळवे, बोटांमधील जागा आणि ही गाठ कोणीतरी पाहिली पाहिजे, आणि बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा दुमडलेले अस्तर नाही ना, याची खात्री केली पाहिजे. जखम नसतानाही मधुमेही पाऊल अचानक सुजून गरम झाले, तर तीही तातडीची बाब समजावी, कारण त्या अवस्थेत चालत राहिल्याने पावलातील हाडे आतल्या आत मोडत जातात.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. तिच्या दोन्ही अंगठ्यांना आतापासूनच बाक आहे. मलाही तो आहे. शस्त्रक्रिया लवकर केलेली बरी का?

उत्तर : नाही. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग उघडा असतो आणि तो बंद होण्यापूर्वी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बाक पुन्हा येण्याचे प्रमाण जास्त असते. सध्या रुंद बूट, वर्षातून एकदा तपासणी आणि दुखत नसेल तर तिच्या खेळण्यावर कोणतेही बंधन नको. तिच्या पायांवरून घरात सारखी चर्चा करू नये, एवढे सुचवतो. या वयात दुखण्यापेक्षा दिसण्याची बोच मोठी असते.

प्रश्न : वय ६१. बनिअनमुळे दुसरे बोट अंगठ्यावर चढले आहे आणि त्याखाली तळव्याला जाड घट्टा पडून चालणे कठीण झाले आहे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. किती दिवस अडकून पडावे लागेल आणि गाठ पुन्हा येईल का?

उत्तर : तुमच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार योग्य वाटतो, कारण दुखणे आता गाठीपुरते राहिलेले नाही, अंगठा भार घेईनासा झाल्याने तो भार दुसऱ्या बोटाच्या मुळाशी सरकला आहे. केवळ पाय सुबक दिसावा म्हणून ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये, असे मी नेहमी सांगतो, पण तुमचा प्रश्न तसा नाही.

बनिअनसाठी शंभराहून अधिक शस्त्रक्रिया वर्णन केलेल्या आहेत. त्यांतील बहुतेकींचे तत्त्व एकच आहे : तिरपे हाड कापून सरळ रेषेत आणायचे, स्क्रूने बसवायचे आणि सांध्याभोवतीचे ताणलेले व सैल पडलेले बंध सारखे करायचे. व्यंग सौम्य असेल तर हाडाच्या पुढच्या टोकाशी काप घेतात. तीव्र असेल तर अधिक मागे, किंवा मेटाटार्सलच्या बुडाचा सांधाच जोडतात. तुमच्या दुसऱ्या बोटाचे काय करणार, हे आधी विचारून घ्यावे, कारण ते त्याच वेळी सरळ करावे लागण्याची शक्यता आहे.

बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. पहिले दोन आठवडे पाय उंच ठेवून विश्रांती, सुमारे सहा आठवडे कडक तळाचा खास बूट, आणि त्यानंतर रुंद नेहमीचे बूट, असा साधारण क्रम असतो. बुडाचा सांधा जोडला असेल तर पावलावर भार देण्यास अधिक उशीर होतो. वाहन चालवणे सहा ते आठ आठवडे बंद राहते. बैठे काम लवकर सुरू करता येते, उभ्याचे काम दोन-तीन महिन्यांनी. सूज सहा महिन्यांपर्यंत, काहींमध्ये त्याहून अधिक काळ, रेंगाळते आणि त्याची कल्पना आधी नसेल तर रुग्ण विनाकारण धास्तावतात. दोन्ही पायांची शस्त्रक्रिया एकाच वेळी करून घेण्याचा मोह होतो, पण घरात मदतीला माणूस नसेल तर तो टाळावा.

गाठ पुन्हा येऊ शकते. त्याखेरीज जंतुसंसर्ग, अंगठ्याच्या कडेला बधिरता, सांधा आखडणे, हाड उशिरा जुळणे आणि क्वचित अंगठा विरुद्ध दिशेला वळणे, हे धोके आहेत. धूम्रपान करत असाल तर ते काही आठवडे आधीपासून बंद करावे, कारण त्याने हाड जुळण्यास उशीर होतो. शल्यचिकित्सकांना भेटायला जाताना उभ्याने काढलेला एक्स-रे, चालू औषधांची यादी आणि रोजच्या वापरातले बूट सोबत न्यावेत. बुटांचा तळ कोठे झिजला आहे, यावरून भार नेमका कोठे पडतो हे त्यांना कळेल. अंगठ्याचा सांधा कितपत हलेल, दुसऱ्या बोटाखालचा घट्टा जाईल का आणि बुडाचा सांधा जोडावा लागणार आहे का, हे तीन प्रश्न लिहून न्यावेत आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच तारीख ठरवावी.